लादी वाळेपर्यंत

जिन्यात आमी तिघी होतो. मी हिराबाई, सुनंदा आन् नसीम. दाराबाहेर आमचा सुपरवायझर भोईर, एचआरची श्रुती मॅडम आन् आयर्लंडहून आलेल्या पाहुण्या बाई. मागं साहेब लोक होते.

महापेच्या कंपनीत मी हाऊसकीपिंगला होते. म्हंजे झाडू, लादी, संडास. आमचे मालक मार्केटात गोणी उचलायचे. ते गेले तवा पोरं ल्हान होती. मग मी मॉप धरला, एकोणीस वर्सं. त्याचं काय नाही, पोरं शिकली. एकच अडचन होती, बसायला जागा नव्हती. कॅन्टीन कंपनीच्या स्टाफचं, आमी ठेक्यावरच्या. आमी फायर एक्झिटच्या जिन्यात जेवायचो. गुडघे बोलायला लागले होते.

त्या दिवशी भोईर म्हनला, "मावशी, आयर्लंडच्या खासदार बाई येतायत. त्या जाईपर्यंत जिन्यात बसा. दिसलात तर तुमचं कार्ड गेलं, माझं पन."

कार्ड म्हंजे गेटचा पास. तो गेला की नोकरी गेली.

"आन् शिंकायचं पन नाय," तो म्हनला.

"तुज्या परमिशनशिवाय कदी शिंकलेय का रे?" सुनंदा म्हनली.

बसलो. जेवताना नसीमच्या हातून कालवन सांडलं. मी लादी पुसली आन् पिवळा बोर्ड दाराबाहेर ठेवला. आमचा नियमच हाय, लादी ओली तर बोर्ड बाहेर. आपन लपलोय हे डोक्याला म्हाईत होतं, हाताला नव्हतं.

थोड्या वेळानं बाहेर पावलं थांबली. भोईर म्हनला, "नो मॅडम, नथिंग." मग दारावर टकटक झाली. जिन्याच्या दारावर कोन टकटक करतं? दार उघडलं. गोरी, जाड चष्म्याची बाई. बोर्ड बघून उंबऱ्यातच थांबल्या. ओल्यावर पाय टाकला नाही.

श्रुती मॅडम म्हनल्या, "मावशी, त्या विचारतायत, वाळायला किती वेळ?"

"दोन मिनटं."

बाई थांबल्या. साहेब लोकांना पन थांबायला लागलं. तेवढ्यात त्यांनी स्वतःचं सांगितलं, श्रुती मॅडम मराठीत सांगत गेल्या. तरुनपनी त्या हॉस्पिटलात लाद्या पुसायच्या. बायकांना हातमोजे मिळेनात म्हनून युनियनमदी गेल्या. मग गावच्या इलेक्शनला उभ्या ऱ्हायल्या. लोक म्हनायचे, बादलीवाली आली. दोनदा पडल्या. तिसऱ्यांदा निवडून आल्या. आता त्यांच्या पार्लमेंटात बसतात.

"दोनदा पडून परत उभी?" नसीम म्हनली. "मी तर एकदाच पडले असते."

हे त्यांना सांगितलं तवा बाई लय हसल्या. मग जिन्यातले डबे बघून त्यांनी काय तरी विचारलं. भोईर घाईनं म्हनला, "कॅन्टीन, मॅडम, कॅन्टीन."

श्रुती मॅडमनी माझ्याकडं बघितलं. "मावशी, त्या विचारतायत, तुम्ही रोज जेवता कुठं?"

कार्ड गळ्यातच होतं. मी म्हनलं, "इथंच, जिन्यात."

हे इंग्रजीत सांगनं श्रुती मॅडमच्या हातात होतं. त्यांनी दुसरं कायपन सांगितलं असतं तर मला काय कळनार होतं? पन त्या 'स्टेअर्स' म्हनल्या. तो शब्द मला फायर ड्रिलमुळं म्हाईत हाय.

बाईंनी मागं वळून मोठ्या साहेबांकडं नुसतं बघितलं. लादी वाळली होती. आत येऊन आमच्या तिघींचा हात हातात घेतला आन् गेल्या.

भोईर कपाळाला हात लावून म्हनला, "मावशी, लपायच्या जागेला कोन बोर्ड लावतं?"

मला वाटलं, आता कार्ड गेलं. पन आठवड्यानं मागची स्टोअर रूम आमच्या जेवनासाठी रिकामी झाली. चार खुर्च्या, एक टेबल, पंखा. पंखा भोईरनं स्वतः चढून बसवला. त्याचे उपकार हायत. बाईंचे हायतच. सगळ्यात जास्ती श्रुती मॅडमचे, त्यांचं पन कार्ड गळ्यातच होतं. रिटायर होईपर्यंत मी खुर्चीवर बसून जेवले.

एवढं कळलं, की काम नियमानं करावं, लपलेलो असलो तरी.

वाचनाऱ्यांना एकच सांगनं हाय. तुमच्या हापिसात पिवळा बोर्ड दिसला तर दोन मिनटं थांबा. आन् लादी पुसनारी बाई कुठं बसून जेवते, तेवढं तिला विचारा.