क्लबातलं तेराव्याचं गाणं

तंजावरला नाइट क्लब उघडतोय हे मला दूधवाल्याने सांगितलं आणि मी त्याला वेड्यात काढलं. या गावात रात्र असते कुठे? नऊच्या सुमाराला देवळाचं दार लागतं. फुलवाल्या बायका उरलेले गजरे ओल्या फडक्यात गुंडाळून शेवटची टाउन बस पकडतात. सरकारी दारूच्या दुकानामागे माणसं भिंतीकडे तोंड करून उभ्या उभ्या पितात आणि चूळ भरून घरी जातात. त्यानंतर जागं राहतं ते परोट्याचं दुकान. तिथला तव्यावरचा खडखडाट थांबला की गाव झोपलं असं आम्ही समजतो. मला हे असंच आवडत होतं आणि कोणी ते बदलावं अशी माझी अजिबात इच्छा नव्हती.

पण बदलणारा आला. क्लबचं नाव मी लिहिणार नाही, त्याची फुकटची जाहिरात कशाला? नव्या बस स्टँडच्या रस्त्यावर एका लॉजचा वरचा मजला त्याने घेतला, खिडक्यांना जांभळ्या काचा लावल्या आणि जिन्यात दोन लाकडी भालदार उभे केले. माणूस साताऱ्याकडचा. वीस वर्षं आखातातल्या हॉटेलांत माइक हातात घेऊन लोकांना हसवण्याचं काम केलेला. केस कलप लावून काळे केलेले, पायात पांढरे बूट, पाच बोटांत चार अंगठ्या. तमिळ म्हणाल तर 'वणक्कम'च्या पुढे गाडी जात नव्हती. मराठी राजांचं गाव म्हणून तो इथे आला होता, आणि जेवणाखाण्याबरोबर राजदरबाराचा खेळ दाखवणार होता. सात वाजता सुरू, दहाला बंद, कारण पोलिसांनी तेवढीच सवड दिली होती. दहाला बंद होणारा नाइट क्लब तंजावरातच निघू शकतो.

लोक मात्र लोटले. ओरत्तनाडूकडचे राइस मिलवाले, खाजगी दवाखान्यांचे डॉक्टर, सिंगापूरहून सुट्टीवर आलेली पोरं, देऊळ बघून झाल्यावर संध्याकाळचं काय करायचं हे न सुचलेले प्रवासी. जी माणसं काल भिंतीकडे तोंड करून पीत होती, ती आता खुर्चीवर बसून प्यायला लागली आणि त्याला संस्कृती म्हणायला लागली.

मला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. मी वीज मंडळातून निवृत्त झालेला माणूस, थोरल्या बहिणीबरोबर दक्षिण राजवीथीमागच्या गल्लीत राहणारा. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा बंगळूरला असतो. त्याला आमचं मराठी कळतं, पण उत्तर तो तमिळमध्ये देतो. म्हणजे घरात मराठी बोलणारी आम्ही दोघंच, अक्का आणि मी. तिचं मराठी आईकडून आलेलं, जुनं, तमिळच्या चालीवर हेलकावे खाणारं. सकाळी डवऱ्याच्या पितळी वाटीत कॉफी ओतताना ती "तंबी, ऊठ" म्हणायची, तेव्हा माझा दिवस सुरू व्हायचा. तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ. ती गेल्यावर मी कोणाशी बोलणार, हा विचार माझ्या मनात पुष्कळदा यायचा. तो तिच्या काळजीपोटी येत नव्हता. आपल्या सोयीचा विचार होता.

हा क्लबवाला आमच्या घरी आला तो अक्कासाठी. गावातल्या जुन्या मराठी घरांत गाणी येणारी बाई कोण, असं विचारत विचारत पोहोचला. वाकून तिच्या पाया पडला, मावशी म्हणाला आणि खुर्ची असताना जमिनीवर बसला. नाटकी माणूस, दुसरं काय करणार? अक्का सत्तरीची, शिवणकाम शिकवून निवृत्त झालेली, लग्न न केलेली. तिच्यापाशी जुन्या गाण्यांची एक वही होती. बारशाची, न्हाणाची, मुहूर्ताच्या दळणाची, नवऱ्यामुलाच्या वरातीची गाणी, सगळी मराठी, पण लिहिलेली तमिळ अक्षरांत, कारण आमच्या बायकांना देवनागरी कोणी शिकवलीच नाही. त्या वहीबद्दल इतक्या वर्षांत कोणी तिला विचारलं नव्हतं. मीही नाही. आणि हा पांढऱ्या बुटांचा माणूस दोन तास हलला नाही. एकेक ओळ पुन्हा म्हणायला लावत होता, आणि अक्का सोळा वर्षांच्या मुलीसारखी लाजत होती. ते पाहून मला शरम वाटली आणि मग राग आला.

पुढच्या आठवड्यापासून रोज तीनला त्याची गाडी यायला लागली. अक्का तिकडे जाऊन लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या दोन तमिळ मुलींना गाणी शिकवायची आणि सहाच्या आत परत यायची. येताना सगळं सांगत यायची. तो काय म्हणाला, साताऱ्याकडे हेच गाणं कसं म्हणतात, त्याच्या आईला कोणती ओवी यायची. मी पेपर वाचत असल्याचं सोंग करायचो. एकदा मी बोललोच. म्हटलं, दारूच्या ग्लासांपुढे आईची गाणी विकतेस, काही वाटत नाही का? ती शांतपणे म्हणाली की मी कुठे विकते, मी शिकवते. आणि ग्लासांचं म्हणशील तर आपल्या मामाच्या लग्नात काय दूध वाटलं होतं का? मामाच्या लग्नाची गोष्ट खरी होती, त्यामुळे मला जास्तच चीड आली.

क्लबला वर्ष होणार होतं, त्या संध्याकाळी त्याला स्वतः राजा होऊन पालखीतून यायचं होतं. त्यासाठी नवं स्वागताचं गाणं हवं होतं. अक्काने वहीतलं वरात दारात आल्यावर म्हणायचं गाणं निवडलं आणि मला ते देवनागरीत उतरवून द्यायला सांगितलं. मी चाळिशीत हट्टाने देवनागरी शिकलो होतो. त्याला तमिळ अक्षरं वाचता येत नव्हती आणि तिला देवनागरी. मध्ये मी. नेमकी त्याच सुमाराला ती तापाने पडली आणि दोन आठवडे घराबाहेर पडली नाही, त्यामुळे मुलींकडून गाणं तो माझ्या कागदावरूनच बसवून घेणार होता. तो रोज शहाळी पाठवायचा. दोनदा स्वतः येऊन तिच्या उशाशी बसला आणि तिच्या कपाळावरची पट्टी बदलली. पट्टी मीही बदलू शकलो असतो. मला ते सुचलं नव्हतं.

तिच्या तापातल्याच एका रात्री मी कागद घेऊन बसलो आणि वरातीचं गाणं लिहिलं नाही. तेराव्याचं लिहिलं.

हे नीट सांगायला हवं. आमच्या घराण्यात माणूस गेल्यावर तेराव्याच्या दिवशी, जेवणं आटोपली की घरातल्या बायका एक गाणं म्हणतात. गेलेल्याला शेवटचं पाणी देतात, पान देतात, हातात दिवा देतात आणि निरोप देतात. ते कुठेही लिहून ठेवत नाहीत. घरात सगळे सुखरूप असताना ते गुणगुणतसुद्धा नाहीत. ते सुरू झालं की पुरुषांनी उंबऱ्याबाहेर जाऊन दाराकडे पाठ करून उभं राहायचं. आपण पाहिलं तर जाणाऱ्याचा पाय अडतो म्हणतात. अप्पा गेले तेव्हा मी असाच उभा होतो, आई गेली तेव्हाही, बायको गेली तेव्हाही. म्हणून मला ते येतं, पाठीमागून ऐकलेलं. शेवटचं कडवं बायका अगदी हळू म्हणतात. ते मला कधी ऐकू आलं नव्हतं, म्हणून लिहिलंही नाही.

*पाणी पी रे, पान घे रे, दिवा घे हाती,*
*उंबऱ्याशी उभे तुझे सारे सांगाती.*

वर मी ठळक अक्षरांत 'स्वागताचे गाणे' असं लिहिलं. कोणीही फसेल. साताऱ्याच्या माणसाला आमचं तेरावं काय माहीत? माझा हिशेब सरळ होता. अक्का त्या संध्याकाळी तिथे असणार. आपल्या आईबापाला निरोप दिलेलं गाणं टाळ्यांच्या तालावर ऐकून ती उठेल, त्याच्या अंगावर ओरडेल आणि माझ्याबरोबर घरी येईल ती कायमची. माझा कागद बाजूला ठेवून त्याने हे कुठल्या तरी नातेवाइकाकडून मिळवलं असं मी म्हणेन आणि दोष त्याच्यावर जाईल. माझं नाव कुठे येतच नाही.

ती बरी झाली ती नेमकी त्या दिवसापुरती. अंजिरी रंगाचं रेशमी लुगडं नेसली, आईची नथ घातली. मी बरोबर येतो म्हटल्यावर तिला इतका आनंद झाला की मला तिच्याकडे बघवेना. त्याने आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. थंडगार हॉल, जांभळा उजेड, तळलेल्या काजूंचा आणि अत्तराचा वास. शेजारी एक मिलवाला काट्याचमच्याशी झटापट करत होता. बरोबर साडेसातला तुताऱ्या वाजल्या, अर्थात रेकॉर्डवरच्या, आणि चिकटवलेल्या मिशांचा राजा पालखीत बसून आला. की-बोर्डवाल्याने उडती चाल लावली होती. दोन मुली गायला लागल्या. पाणी पी रे, पान घे रे. लोकांनी ठेका धरला. मिलवाल्याने ग्लास उंच केला.

आणि मी उभा राहिलो. का ते मला तेव्हा कळलं नाही. उभा राहिलो, वळलो आणि स्टेजकडे पाठ करून, हात पुढे बांधून, मागच्या भिंतीकडे तोंड करून थांबलो. तीन मरणांत अंगाला लागलेली सवय. गाणं कानावर पडलं आणि शरीराने आपलं काम केलं. त्या अख्ख्या हॉलमध्ये पाठ फिरवलेला मी एकटा. एखाद्या ओळीनंतर मला समजलं की मी काय केलंय. अक्काच्या खुर्चीचा आवाज आला नाही. मी मान वळवली. ती स्टेजकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, फक्त एकेक गोष्ट जुळत चालली होती. मुलींना गाणं कागदावरून मिळालं. कागद मी लिहिला. आणि पहिल्याच ओळीला, तिच्याही आधी, मी उठलो होतो.

मुलींचं गाणं संपलं तिथे ते संपत नव्हतं. शेवटचं कडवं राहिलं होतं, आणि हे गाणं अर्धवट सोडायचं नसतं. अक्का उठली. हळूहळू स्टेजच्या तीन पायऱ्या चढली, एका मुलीच्या हातातून माइक घेतला आणि वाजवणाऱ्याला हाताने थांबवलं. मग ती गायली. तापातून उठलेला आवाज, पण हॉलच्या टोकापर्यंत जाणारा. साठ वर्षांत मी ते कडवं पहिल्यांदा ऐकलं.

*दार लाविलें आतां, मागें नको पाहूं,*
*तुझें नांव घेऊन आम्ही हाक नाहीं देऊं.*

लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. म्हातारीची खास भेट असंच त्यांना वाटलं. तो मात्र टाळी वाजवायचा थांबला होता. मराठी माणूस, शेवटचं कडवं त्याला पोहोचलं असणार. त्याने पालखीतून उतरून डोक्यावरचा फेटा काढला आणि काखेत धरून उभा राहिला. त्याला सगळं कळलं असेल असं नाही, पण कोणीतरी गेलंय एवढं कळलं. त्या क्षणी मला तो सगळ्यात जास्त नकोसा वाटला.

घरी आल्यावर अक्काने नथ काढून डबीत ठेवली, देवापुढचा दिवा सारखा केला. मी दारात उभा होतो. मी म्हटलं, अक्का, मला फक्त तू घरी यायला हवी होतीस. तिने ते ऐकून घेतलं.

"हें गाणें रिकामें जात नाहीं," ती म्हणाली. "म्हटलें की कोणास तरी निरोप द्यावा लागतो. तेथें उभी राहून मी विचार केला, कोणास देऊं. त्या मेल्या मिशावाल्यास द्यावा तर त्याने काय केलें मज? मग तुज दिला."

मग तिने मला तमिळमध्ये सांगितलं की जेवण झाकून ठेवलंय, वाढून घ्या.

तिने मला कधी 'घ्या' म्हटलं नव्हतं. मला वाटलं, राग आहे, चार दिवसांत उतरेल. या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. ती माझ्याशी नीट वागते. कॉफी वेळेवर देते, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या की आठवण करते, सगळं तमिळमध्ये आणि शेजाऱ्याशी बोलावं तितक्या अदबीने. तंबी म्हणत नाही. सकाळी मी आपला आपण उठतो. मुलाला फोनवर हे सांगून पाहिलं, त्याने तमिळमध्ये विचारलं की मग अडचण काय आहे.

म्हणून हे लिहितोय, नाहीतर माझं मराठी कुठे जाणार? क्लब चालू आहे. ते गाणं त्याने दुसऱ्या दिवसापासून बंद केलं, अक्काला काही न विचारता. दुपारी तीनला अजून गाडी येते. तो स्वतः येतो, रस्त्यावरून मावशी अशी हाक मारतो, आणि अक्का घराच्या पायऱ्या उतरता उतरता बोलायला लागते, आईच्या मराठीत, कालचं राहिलेलं. मी आत असतो. तिचा आवाज ऐकू येतो, शब्द येत नाहीत, म्हणून मी दारापर्यंत जातो.