शेजाऱ्याच्या वावरातली मुंबई

माझा राग नाकाच्या शेंड्यावर. अकोल्याहून मी वलगावच्या पलीकडल्या एका खेड्यात सरकारी शाळेवर मास्तर म्हणून गेलो, तेव्हा पोरांना हे पहिल्याच आठवड्यात कळलं. छडी आणि घोकंपट्टी, शिकवणं म्हणून मला एवढंच ठाऊक होतं. मी स्वतः तसाच शिकलो होतो आणि त्यातून काही बिघडलं असं मला तरी वाटत नव्हतं.

ते कापसाचे दिवस. समुद्रापल्याड कुठल्या मुलखात लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. बोंडं फुटली की अख्खं गाव वावरात. आमची शाळा मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर भरायची. दसरा झाला आणि तिथे उरलो मी, दोन पोरं आणि एक शेळी.

अशात अमरावतीहून कागद आला. डिप्टीसाहेब पंधरा दिवसांत परीक्षा घ्यायला येणार. त्या दिवशी वीस पोरं हजर नसली तर शाळा उठवून चांदूर बाजारला नेणार. पटावर वीसच नावं होती, म्हणजे एकही कमी चालणार नव्हतं. शाळा गेली की ही पोरं जन्मभर अंगठा उठवत बसणार. आणि खरं सांगतो, मला ते गाव आवडायला लागलं होतं.

मी तणतणत वावरात गेलो. तिथे एक बाई ओटीत कापूस वेचत होती. तिचा पोरगा वर्गातला सगळ्यात खट्याळ. माझ्या छडीचा निम्मा वाटा त्याचाच. हात न थांबवता ती म्हणाली, "मास्तर, पोरं काई येत नाई आता. तुमची शाळाच आना ना इकडे."

काय बोलणं हे! शाळा म्हणजे काय बैलगाडी आहे? असाच बडबडत मी घरी आलो. भाकरी पोटात गेल्यावर मात्र वाटलं, बाई बरोबर बोलते.

दुसऱ्या दिवसापासून, दुपारी वेचणी थांबली की तिच्याच वावराच्या धुऱ्यावर, बाभळीखाली बांधावर, शाळा भरू लागली. वीसची गोष्ट मी पोरांना सांगून टाकली होती. वीसच्या वीस यायची.

तिसऱ्या दिवशी भूगोल काढला. "मुंबई हे पश्चिम किनाऱ्यावरील मोठे बंदर आहे," मी म्हणालो. पोरांनी माझ्यामागून म्हटलं. खट्याळ मात्र गप्प. मी छडी उगारली.

"मारता काहून?" तो म्हणाला. "मुंबई किती मुक्कामावर हाय, थे त सांगा."

दोन वर्षं मी मुंबई शिकवत होतो आणि ती किती लांब आहे हे मला माहीत नव्हतं. छडी तशीच वर राहिली. मग चिडूनच म्हटलं, "तूच सांग, शहाण्या."

आणि त्यानं सांगितलं. त्याचा मामा गाडीवान. कापूस घेऊन मुंबईपर्यंत जाऊन आलेला. अडतीस मुक्काम. कुठल्या मुक्कामाला विहीर गोड, कुठे घाट लागतो, कुठे बैलांना नाला भारी जातो, सगळं पोराला पाठ. दुसरा मध्येच म्हणाला, आमी त परतवाड्याले गेलो होतो. तिसऱ्याची मावशी अकोल्याची. सगळेच बोलायला लागले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा वर्गात तोंड मिटून ऐकत बसलो.

मग आम्ही नकाशा केला. वावराच्या कडेची काळी जमीन हातानं सपाट केली, तीच पाटी. वाट आखायला खट्याळाच्या आईनं किडका कापूस दिला, तोही मोजूनमापून परत करायच्या बोलीवर. एका मुक्कामाला पाच पावलं असं पोरांनीच ठरवलं. रोज थोडं थोडं काम चाले. काळ्या मातीवर वलगाव झालं, अमरावती झाली, अकोलाही झालं. अकोल्याच्या पुढे वाद माजला, तेव्हा मी छडीनं मुक्काम मोजून दिले. छडीचा तेवढाच उपयोग उरला होता.

परीक्षेच्या दिवशी मुंबई तेवढी राहिली होती. हिशेबानं ती धुऱ्याच्या पार, शेजाऱ्याच्या उभ्या ज्वारीत पडत होती. खट्याळ मूठभर कापूस घेऊन पावलं मोजत ज्वारीत शिरला आणि नेमके तेव्हाच डिप्टीसाहेब घोड्यावरून आले, ठरल्या वेळेच्या बरेच आधी.

देवळात शाळा नाही म्हणून ते आधीच तापलेले. खाली उतरून त्यांनी एकेकाच्या डोक्यावर बोट ठेवत मोजणी केली.

"एकोणीस," ते म्हणाले आणि लिहूनही टाकलं.

माझ्या तोंडातून निघालं, "साहेब, एक मुंबईला गेलाय."

"मुंबईला गेलेल्याची हजेरी लागत नाही, मास्तर."

एवढ्यात ज्वारी हलली. खट्याळ धापा टाकत बाहेर आला. अंगभर कुसळं, मूठ रिकामी. साहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग पायाशी पसरलेली ती पांढरी वाट पाहिली आणि तिच्या कडेनं, एकेक मुक्काम विचारत, थेट ज्वारीपर्यंत चालत गेले. पोरगा घाट, नाले, विहिरी सांगत सोबत चालला. परत आले तेव्हा साहेबांचा राग उतरला होता.

"मुंबईहून इतक्या लवकर कसा परतलास रे?"

"तुमचं घोडं दिसलं ना, साहेब," तो म्हणाला. "हाजरी होती. मास्तरची शाळा गेली असती, म्हनून पयतच आलो."

ज्या पोराला मी सगळ्यांत जास्त मारलं, तो हे बोलला. मी कापूस गोळा करायच्या निमित्तानं खाली वाकलो आणि बराच वेळ वर पाहिलं नाही. साहेबांनी एकोणीस खोडून वीस लिहिलं.