शनिवारची भिंत

एकोणीसशे पंचावन्नच्या आसपास मी माझा पहिला चित्रपट दिग्दर्शित केला. त्यातल्या गरीब विधवेसाठी मरोळ गावातलं एक घर पसंत केलं, ते केवळ आतल्या भिंतीवर जीव जडला म्हणून. चुलीच्या धुरानं ती इतकी मनासारखी काळी झाली होती की आमच्या सेटवाल्यानं हात टेकले असते. घरात एक ख्रिस्ती म्हातारी एकटीच राहायची. तिला मी मावशी म्हणायचो.

शनिवारी विधवेचं आजारपण चित्रित झालं. रविवारी गाव चर्चला जातं, म्हणून सुट्टी. सोमवारी तिला मरायचं होतं. जाऊन बघतो तर घर आतून पांढरंशुभ्र, चुन्यात थोडी नीळसुद्धा टाकलेली. आपलं घर चारचौघं बघणार म्हटल्यावर मावशीनं दिवसभर भिंत घासून चुना मारला होता. रविवारी काम करणं पाप, तेही तिनं पत्करलं होतं.

विधवा काळ्या घरात आजारी पडून पांढऱ्या घरात का मरते, हे प्रेक्षकांना समजावणं कठीण होतं. आमची नटी मंगळवारी नाटकाच्या दौऱ्यावर निघणार होती, त्यामुळे मरण पुढे ढकलता येत नव्हतं. मी मावशीवर ओरडलो. फार ओरडलो.

तिनं ऐकून घेतलं आणि आज काम झालं नाही तर काय होईल, असं विचारलं. निर्माता मला काढून टाकेल, असं मी सांगितलं.

तिनं पदर खोचला, चुलीत नारळाची ओली सोडणं सारली आणि खिडकी लावून घेतली. खोकत खोकत दुपारपर्यंत भिंत काळी केली. मग तव्याची काजळी फडक्यावर घेऊन एकेक डाग जिथल्या तिथे उमटवला. घासताना तिला ते पाठ झाले होते. शनिवारचे फोटो हातात धरून मी चुका शोधत होतो, एकही सापडली नाही. दिग्दर्शकाला असं सुख क्वचित मिळतं. विधवा संध्याकाळी पाचला समाधानकारक मेली.

निघताना मी बजावलं, "मावशी, भिंत परत लागेल कदाचित. मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही."

पुढे चित्रपट पडला. एका समीक्षकानं भिंतीचं तेवढं कौतुक केलं, अर्थात माझ्या नावावर. ते कात्रण दाखवायला मी मरोळला गेलो तेव्हा नाताळ होऊन पंधरा दिवस झाले होते. सणासाठी गावातल्या झाडून सगळ्या घरांना चुना लागला होता. मावशीचं घर आतून तसंच काळं होतं. माझी सूचना इतकी तंतोतंत नायकानंसुद्धा कधी पाळली नव्हती, आणि मी ती देऊन विसरून गेलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी कात्रण काढून वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"म्हंजे झालं तुजं काम," ती म्हणाली. "आता लावू चुना?"