संचिताचे चार इंच

माया साळवे आंबिवलीची. वय सत्तावीस, उंची बरोबर सहा फूट. थायलंडमधल्या बायकांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये ती तीन मोसम खेळली, तिसरा अर्धाच. तिथे प्रत्येक संघाला एकच परदेशी मुलगी घेता येते. तिला 'इम्पोर्ट' म्हणतात. ही बातमी आंबिवलीत पोचली तेव्हा तिच्या वडिलांना, राजरत्नला, शेजाऱ्याने अडवून विचारलं होतं की आपल्याकडून बाहेर जातं ते एक्स्पोर्ट, मग पोरगी इम्पोर्ट कशी? राजरत्न शहाडला कारखान्यात फिटर, मोजकं बोलणारा माणूस. तो म्हणाला, "तिकडच्या बाजूने वाच."

मी तिला कल्याणच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. जिमखान्याचं काम कुणी प्राध्यापक घेईनात म्हणून तेही माझ्याच गळ्यात आलेलं. मी स्वतः विद्यापीठाकडून खेळलेली आहे, त्यालाही आता चाळीस वर्षं होतील. त्यामुळे माया विमानात बसली तेव्हा मला तिचा हेवा वाटला. ते असो. सांगायचंय ते मायाच्या मनातल्या हेव्याबद्दल.

माजिवड्याची संचिता भोईर तिच्याच वर्गात होती. सहा फूट एक इंच. माया पहाटे साडेपाचला कोर्टावर हजर असायची. संचिता साताला जांभया देत यायची, बूट बांधता बांधता कुणाच्या तरी हातातला चेंडू घ्यायची आणि बसल्या जागेवरून टाकायची. जायचा आत. मॅच संपली की माया माझ्याकडे स्कोअरची वही मागायला येई. आधी संचिताचे पॉइंट बघे, मग स्वतःचे. मला ते दिसत होतं. खेळाडूला एवढी आग हवीच, असं म्हणून मी सोडून दिलं.

थायलंडच्या क्लबचा माणूस राष्ट्रीय स्पर्धा बघायला आला त्या आठवड्यात संचिता खेळायला नव्हती. घरी कांदेपोह्यांचा कार्यक्रम होता. पाहुणे यायच्या आधीच आई तिला सोफ्यावर बसवून ठेवायची आणि ते जाईपर्यंत उठू द्यायची नाही. लग्नाच्या बायोडाटावर उंची लिहिली होती पाच फूट नऊ. मी एकदा त्या माउलीला विचारलं, तर म्हणाली, "खरी लिवली तं कोन येल बघाला?" पाहुणे यायचे, पोहे खायचे, निघताना मुलगी नमस्काराला उठायची आणि स्थळ तिथेच संपायचं. तरी कागद बदलला नाही.

तर संचिता सोफ्यावर आणि माया थायलंडला. आपली निवड ती नसताना झाली, हे माया कधी विसरली नाही.

इम्पोर्टचं आयुष्य तिच्याकडून ऐकलं ते असं. औषधांच्या दुकानावरची एक खोली. भाषा येत नाही, सगळा गाव तिला 'इंडिया' म्हणून हाक मारतो. जिंकलं की इंडिया जिंकली, हरलं की इंडियामुळे हरलो. दोन मॅच वाईट गेल्या की क्लबची मालकीण, टायरचा धंदा असलेली बाई, सरावाला येऊन खुर्ची टाकून बसते आणि फोनवर दुसऱ्या मुलींचे व्हिडिओ बघते, तेही माया दिसेल अशा जागी. जिची जागा मायाने घेतली ती स्थानिक मुलगी शेजारच्या खोलीत राहायची. ती रोज मायासाठी भात आणून ठेवायची आणि तीन वर्षांत एकदाही तिच्या डोळ्यांत बघून बोलली नाही. माया म्हणाली, "मॅडम, मला तिचा राग नाही आला. मी असते तर भातही दिला नसता."

तिसऱ्या मोसमात मायाचा घोटा मुरगळला. चार आठवडे विश्रांती. मालकिणीने मायाच्या फोनमधला कॉलेजचा फोटो कधीतरी बघितला होता. ही तुझ्यापेक्षा उंच दिसते ती कोण, तिची माहिती मागव, म्हणाली. एकच अट घातली: सहा फुटांखाली चालणार नाही.

मायाने संचिताच्या भावाला, सिद्धेशला, मेसेज केला. त्याने घाईघाईत घरात जो तयार कागद होता तोच पाठवला. म्हणजे लग्नाचा इंग्रजी बायोडाटा. वर गणपती, मग कुलदैवत एकवीरा, मामांचं गाव, आवड रांगोळी. तळाशी त्याने बास्केटबॉलच्या दोन ओळी वाढवल्या. उंची मात्र तशीच राहिली. तीन वर्षं तो कागद वाटून वाटून बहीण पाच फूट नऊच आहे असं त्यालाही वाटायला लागलं असावं.

माया ते वाचून थांबली. सहा फूट एक, एवढंच लिहून पुढे पाठवायचं होतं. तिने ते लिहिलं नाही. कागद आला तसा पुढे ढकलला. मालकिणीने 'मामा' हा कुठला क्लब, एवढं विचारलं, फोटोवरून फसले म्हणाली आणि नकार दिला. दुसऱ्या दिवशी एक अमेरिकन मुलगी ठरली. तिने पहिल्याच मॅचमध्ये अठ्ठावीस पॉइंट काढले. मायाचा घोटा बरा झाला तोवर तिला टॉवेलांचा सेट आणि परतीचं तिकीट मिळालं होतं.

जन्मभर जास्त उंच म्हणून नाकारलेल्या संचिताला एवढंच कळवलं गेलं की ती कमी पडली; कशात, ते नाही. मायाने काय केलं ते कुणाला कळलं नाही. उलट संचितानेच मायाला मेसेज केला: तू प्रयत्न केलास, थँक्यू यार.

तो मेसेज घेऊन माया डोंबिवलीला माझ्याकडे आली. सगळं सांगितलं. मी म्हटलं, मला कशाला सांगतेस, मी काय संचिता आहे? ती म्हणाली, मग तुम्ही सोबत चला. मी गेले. शीळफाट्याला पाऊण तास ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा उतरून परत जाऊ या का, असं तिने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा नको म्हटलं. तेवढ्यात तिने आणखी एक गोष्ट सांगून टाकली. अमेरिकन मुलगी पुढच्या मोसमाला येणार नव्हती. मायाने मालकिणीला स्वतःसाठी विचारलं होतं आणि ती उत्तराची वाट बघत होती.

संचिता माजिवड्याला एका जिममध्ये ट्रेनर आहे. ती बाहेर आली, माझ्या पाया पडली, चहा मागवते म्हणाली. मायाने चहा येईपर्यंतही धीर धरला नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

संचिताने खांद्यावरचा टॉवेल काढून घडी घातली. मग म्हणाली, "आईने माझे चार इंच कापले ते माझं लग्न व्हावं म्हणून. तू कशासाठी कापलेस?"

"मी कापले नाहीत. फक्त पाठवलं."

"माया."

"तू आली असतीस तर त्यांनी मला परत घेतलं नसतं."

"नसतंच घेतलं," संचिता म्हणाली. "तसं आत्ता तरी कुठे घेतलंय तुला?"

मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण चहा आला. संचिता रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिने हात पुढे केला. "त्या मालकिणीचा नंबर दे."

जागा एकच होती आणि त्याच जागेसाठी मायाने स्वतः विचारलं होतं. हे मला माहीत होतं. संचिताला नव्हतं, आणि मायाने सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर संचिता कदाचित मागे फिरली असती, ती पोरगी तशी आहे. माया फोन हातात धरून बसली. चहावर साय आली. मग तिने नंबर पाठवला, आणि मालकिणीलाही लिहिलं की मी चुकीचा कागद पाठवला होता, हिला घ्या, माझ्यापेक्षा चांगली आहे. पाठवायच्या आधी मला वाचून दाखवलं. 'माझ्यापेक्षा चांगली' इथे तिचा आवाज असा आला, जसं कुणी दाढ काढतंय.

संचिता गेली. आई विमानतळावर भांडत होती की परत येईपर्यंत वय निघून जाईल. माया आता कल्याणच्या एका शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवते. चांगली शिकवते, जरा जास्त ओरडते. रविवारी दुपारी ती माझ्याकडे येते. आम्ही दोघी माझ्या टीव्हीवर थायलंडची मॅच लावतो. संचिताचा नेम हुकला की ती "अरेरे" म्हणते, पण फार पटकन म्हणते.

गेल्या रविवारी संचिताने एकतीस पॉइंट केले. मायाचा तिथला सगळ्यात मोठा आकडा एकोणतीस. मॅच संपली, टीव्हीवर लोक उठून टाळ्या वाजवत होते. माया पडद्याकडे बोट करून म्हणाली, "मॅडम, शॉट घेताना तिचं कोपर बाहेर जातंय. कुणी सांगत कसं नाही तिला?"

कोपर अजिबात बाहेर जात नव्हतं. मी चष्मा लावून बघत होते.