आईचा टॅब

माझ्या लॅपटॉपवर सदा न् कदा ढीगभर फायली उघड्या असतात. नेवाशात घरी बसून मी सुप्याच्या एका कारखान्यासाठी प्रोग्राम लिहितो, आणि ज्या एडिटरमध्ये लिहितो त्यात वरच्या बाजूला, उघड्या फाईलगणिक एक, अशी टॅबांची रांग लागलेली असते. शिस्तीची माणसं काम झालं की फाईल बंद करतात. मला ते जमत नाही. पुढं लागेल म्हणून ठेवतो, मग नेमकी लागते तेव्हा सापडत नाही आणि स्वतःवरच चिडतो.

या रांगेत सगळ्यात डावीकडे एक बिननावाचा टॅब होता. तो आईचा.

आईला ऐकू येईनासं झालं होतं. कानातलं यंत्र आणून दिलं, तर "भांड्यांचा लई कालवा व्हतो" म्हणून तिनं ते काढून कपाटात टाकलं. घरात आम्ही दोघंच. ओरडून ओरडून माझा घसा बसायचा आणि आमच्याकडे आज काय भाजी आहे ते शेजाऱ्यांना कळायचं. शेवटी मी एक कोरी फाईल उघडली, अक्षरं चांगली बोटाएवढी केली आणि लिहिलं, 'आई, चहा ठेवू का?' ती चौथी शिकलेली. ओठ हलवत तिनं एकेक अक्षर जोडलं आणि घर दणाणेल अशा आवाजात म्हणाली, "ठिव की. इचारतो कशाला?"

तेव्हापासून आमचं बोलणं असंच. ती मागे येऊन उभी राहायची, मी डावीकडच्या टॅबवर जाऊन लिहायचो, ती बोलायची, मी परत कामाच्या फायलीत. वरची रांग बघून ती म्हणायची, "येवढी दारं उघडी टाकून बसतो, एक तरी लाव."

एकदा घाईत टॅब चुकला. मशिनच्या पडद्यावर कामगारांना ज्या सूचना दिसतात, त्यांच्या फायलीत मी लिहून बसलो, 'शेंगदाणे खवट झालेत, कूट करू नकोस', आणि ते तसंच कारखान्यात गेलं. दुपारी तिथल्या सुपरवायझरचा फोन. "साहेब, मशिन म्हणतंय शेंगदाण्याचा कूट करू नका. आमी तर इथं नटबोल्ट करतो." मी शरमेनं मेलो. आईला टाईप करून सांगितलं, तर ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. पुढे घरी येईल त्याला सांगायची, "माझ्या पोरानं आख्ख्या कंपनीला कूट करू दिला न्हाई."

आई गेली त्याला आता वर्ष होईल. घर इतकं शांत झालं की फ्रिज चालू झालेला कळतो. बाकीच्या फायलींची उघडझाप चालू राहिली, पण त्या टॅबला मी हात लावला नाही. वाचलाही नाही. तो तिथे आहे, एवढं मला पुरत होतं. मग कंपनीनं नवा लॅपटॉप पाठवला आणि जुना परत मागितला. कधीच सेव्ह न केलेली ती बिननावाची फाईल एडिटरनं इतके दिवस आपणहून जपली होती, पण ती आपोआप तिकडे जाणार नव्हती. ती सेव्ह करायला बसलो आणि पहिल्यांदाच वरपासून वाचली.

पानामागून पानं, सगळी माझीच. 'गोळी घेतली का?' 'ताईचा फोन होता, कोल्हारला पाऊस झाला.' 'लाईट गेलीय, पंखा कसा लागेल?' आईचा एक शब्द नाही. असणार कसा? टाईप मी करत होतो, ती तोंडानं बोलत होती. साधी गोष्ट, पण माझ्या डोक्यात कधी आलीच नव्हती. मी समजत होतो, आई त्या टॅबमध्ये आहे, आणि तिथे मी एकटाच बडबडत होतो. मला फार रडू आलं.

मग हट्टच धरला. आठवतंय तोवर प्रत्येक ओळीखाली तिचं उत्तर लिहायचं, तिच्याच बोलीत. नाहीतर तेही जाईल. गोळीखाली लिहिलं, 'घेतली रं बाबा, सारखं काय त्येच.' पावसाखाली, 'मंग हिकडं यायला त्याला काय धाड भरलीया?' काही ठिकाणी अडलो. एखादं उत्तर मीच बनवलं असेल आणि मला कळलंही नसेल. पण लिहिता लिहिता घरात पुन्हा तिचा आवाज यायला लागला. जेवतानाही लॅपटॉप समोर. ताई फोनवर म्हणाली, "येडा झालास का? आधी नीट जेव."

असं करत शेवटच्या ओळीपाशी आलो. तेव्हा आई अंथरुणाला खिळली होती आणि लॅपटॉप मी तिच्या उशाशी न्यायचो. तिचा आवाज पार गेला होता. त्या दुपारी तिनं मला खुणेनं बोलावलं आणि काहीतरी सांगितलं. तिच्या तोंडाशी कान नेला, तरी कळेना. म्हणून मी टाईप केलं, 'आई, मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही.' तिनं ओठ हलवत ते सगळं वाचलं, मान हलवली आणि पुन्हा तेच सांगितलं, तेवढंच हळू.

त्या ओळीखाली मला काही लिहिता आलं नाही. फाईल तशीच सेव्ह केली.