सरांच्या मशीनला आलेलं बोलणं

"शोभाताई..." नीता मॅडम एवढंच म्हणाल्या आणि मला कळलं. हाक मारताना आवाज शेवटी वर जातो, त्यांचा खाली गेला. गद्रे सर गेले, हे शब्द नंतर आले. त्याला आता दीड महिना होतोय.

मी हिंगोलीकडच्या सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याची. पाचवीत शाळा सुटली. लग्नानंतर पुण्यात आले आणि सर जिथे कॉम्प्युटरला मराठी बोलायला शिकवत होते, त्या संस्थेत साफसफाईला लागले. तोंड उघडायची भीती वाटायची. माझं 'न्हाई', 'व्हय' ऐकून लोक हसतात, हे पहिल्याच आठवड्यात समजलं होतं. एकदा माय आजारी असल्याचा निरोप आला, तेव्हा सरांनी स्वतःच्या टेबलावरून गावातल्या एसटीडीला फोन लावून दिला. बोलून झाल्यावर मी रडायलाच लागले. "काय म्हणाली आई?" सरांनी विचारलं. "बरी हाय म्हनली." "मग?" "म्हनली सर, पर 'बरी' म्हनताना आवाज उचललाच न्हाई तिनं." संध्याकाळच्या हिंगोलीच्या गाडीत सरांनी मला बसवून दिलं. मी पोचले तेव्हा माय ओळखत होती. दोन दिवस बोलली... मग गेली. ते दोन दिवस मला सरांमुळे मिळाले.

परत आल्यावर 'तुमचा कान मला हवाय' म्हणत सरांनी मला मशीनसमोर बसवलं. पडद्यावर आवाजाची रेघ दिसायची, माळावरच्या पायवाटेसारखी वरखाली. सर ती कुठे उचलायचे, कुठे खाली बसवायचे आणि तेच वाक्य पुन्हा ऐकवायचे. अंध मुलांच्या शाळेसाठी एक गोष्ट तयार होत होती. तिच्यात लेक उशिरा घरी येते आणि आई म्हणते, "आलीस का बाई." सगळे खूश होते. मला मात्र वाटलं, लेकरू घरी आलंय न् माय दवंडी देऊन राहिली. पण एवढ्या शिकलेल्या माणसांत मी काय बोलणार? "छान झालं सर," म्हणाले.

शाळेतली मुलं त्या वाक्याला पोट धरून हसली. सर तिथून थेट माझ्याकडे आले. "तुम्हाला कळलं होतं ना?" "व्हय." "मग बोलला काहून न्हाई?" माझ्याच बोलीत विचारलं, पण चिडवत नव्हते. "भ्या वाटलं सर. काम जाईल म्हून." सर म्हणाले, "तुम्ही उगाच छान म्हणालात, तर माझं काम जाईल."

त्यानंतर कित्येक वर्षं रोज तासभर मी ऐकत बसले. "दवंडी," म्हटलं की सर हसून रेघ मोडायचे, पुन्हा मांडायचे. पण ते धाडस सरांपुरतंच होतं. दुसरं कुणी खोलीत असलं की माझी जीभ जड व्हायची.

गेल्या आठवड्यात सरांच्या हाताखाली काम केलेल्या नीता मॅडमनी त्यांचं अर्धवट राहिलेलं काम पुरं करून पाहुण्यांना ऐकवलं. खोली भरली होती, तरी सरांच्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं. मशीन म्हणालं, "घाबरू नकोस, मी आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. 'छान' माझ्या ओठांवर आलंच होतं...

"न्हाई मॅडम," मी म्हणाले. "हे सोताच घाबरून राहिलंय."

कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सरांची खुर्ची पुढे ओढली, मला तिच्यात बसवलं आणि विचारलं, "रेघ कुठे खाली घेऊ?"

मी पडद्यावर बोट ठेवलं.