थांब ताई, पुढचा येतोय

बुधवार होता. मुलुंडच्या घरी ओट्यापाशी उभी राहून मी कोलंबी सोलत होते. दोन्ही हात माखलेले, आणि फोन वाजला. बघते तर अनंताचं नाव. माझा धाकटा भाऊ सकाळी साडेदहाला फोन करायचा तो एकाच कारणासाठी, म्हणून मी करंगळीने कसाबसा फोन घेतला, स्पीकरवर टाकला आणि ओरडलेच, "काय रे, आला का तुझा नवा प्रोसेसर?" पलीकडून आवाज आला तो शैलाचा, अनंताच्या बायकोचा. "ताई... तुम्ही या." एवढंच. काय झालं हे मी विचारलंसुद्धा नाही. साबणाने हात धुतले, वास गेला नाही, तसाच वास घेऊन रिक्षात बसले. भांडुपचा चढ चढून त्यांच्या घरात पाय ठेवला तेव्हा कळलं, आणि मग मनात एकच राहिलं. भाऊ खुर्चीत बसल्या जागी गेला होता, त्याची बायको त्याचाच फोन हातात धरून उभी होती, आणि तिच्या कानावर मी काय घातलं, तर प्रोसेसर.

आज सात आठवडे झाले. अनंत अठ्ठावन्न वर्षांचा होता, मी सदुसष्टची. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. वडील गिरणीत पाळ्या करायचे, म्हणून नववीत माझी शाळा सुटली आणि अनंत माझ्या वाट्याला आला. लोक म्हणतात, तू त्याला वाढवलंस. कसलं वाढवलं... मी पोळी करपवायची आणि तो निमूट खायचा, असं आमचं चाललेलं असायचं. पुढे तो छापखान्यात कामाला लागला. तिथे अक्षरं जुळवणारा पहिला कॉम्प्युटर आला आणि सगळे कामगार त्याच्याकडे वाईट नजरेने बघत असताना हा त्याच्या मागच्या बाजूला बसून झाकण उघडून आत काय आहे ते बघत होता. मालकाने कानफटात मारायची बाकी ठेवली. पण तिथून जे सुरू झालं ते संपलं नाही. छापखाना बंद पडल्यावर भांडुपच्या घरात खिडकीजवळ त्याने एक टेबल टाकलं आणि लोकांना कॉम्प्युटर जोडून द्यायला लागला. भांडुप, मुलुंड, घाटकोपर... तीस वर्षं. क्लासवाले, फोटोवाले, चाळीतली कॉलेजची पोरं, सगळे त्याच्याकडे.

आता ह्याच्या धंद्याची गंमत ऐका. माणूस दारात यायचा, चपला काढायचा, विचारायचा, "अनंतराव, नवीन घ्यायचाय, कुठला घेऊ?" आणि माझा भाऊ हात वर करून म्हणायचा, "थांबा!" का? तर पुढचा येतोय. ह्याच्यापेक्षा वेगवान, ह्याच्यापेक्षा कमी तापणारा. दोन महिने कळ काढा. शैला आतून भांडी आपटायची. "अहो, दुकानदार आहात की अडवणारे हवालदार? आलेलं गिऱ्हाईक परत पाठवता!" तो हसायचा. "अगं, आज घेतलं तर दोन महिन्यांनी शिव्या देईल मला." आणि खरं सांगते, दोन महिन्यांनी ती माणसं परत यायची. त्याच्याचकडे यायची. म्हणायची, "बरं झालं थांबवलंत." ह्या बाबतीत त्याचा शब्द खाली पडलेला मी तरी पाहिला नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते ह्याच्यामुळे झालं.

मला ह्यातलं काही कळत नव्हतं, तरी तो मलाच सांगायचा. एकदा मी भाकऱ्या थापत होते आणि हा दारातूनच ओरडत आला, "ताई, क्वाड कोअर आला!" मी म्हटलं, "चतकोर? अरे, अख्खी भाकरी आहे की, चतकोर कशाला खातोस?" तो खाली बसला. हसून हसून डोळ्यांतून पाणी. मग परातीजवळ येऊन त्याने माझी भाकरी घेतली, तिचे चार तुकडे केले आणि म्हणाला, "बघ. आधी एकच माणूस अख्खी भाकरी संपवायचा. आता चौघं बसलेत, चतकोर चतकोर खाऊन केव्हाच उठले. तसं काम चौघांत वाटलं जातं." मला पटकन समजलं. म्हटलं, "आणि आठ असले तर?" तर हा म्हणतो, "तो येतोय. थांब तू." त्या दिवसापासून आमच्या घरात क्वाड कोअर हा शब्द कोणी उच्चारला नाही. त्याच्या गिऱ्हाइकांनासुद्धा तोंडात बसला, "अनंतराव, चतकोर चालेल का, की आठवाला घेऊ?" ग्राफिक्सची चिप वेगळी असते हेही त्यानेच शिकवलं. म्हणाला, "प्रोसेसर म्हणजे तू. हिशेबाने, डोकं लावून एकेक काम उरकणारी. आणि ग्राफिक्स चिप म्हणजे लग्नघरातल्या पन्नास बायका. डोकं लावायचं नाही, फक्त पुऱ्या लाटायच्या. पण पन्नासजणी एकदम! म्हणून पडद्यावर चित्र हलतं." मी म्हटलं, "मेल्या, त्या बायकांच्या कानावर गेलं ना, तुलाच लाटतील."

मी साठीला आले तेव्हा त्याने मला त्याचा जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि मराठी टाइप करायला शिकवलं. नववी सुटलेली बाई मी, पेपरात चार ओळी लिहायला लागले ते त्याच डब्यावर. हा लेखही त्यावरच चाललाय. मधे बटणं अडतात... 'अ' दाबला की दोनदा उमटतो.

पण त्याचं खरं सुख नव्या चिपच्या बातमीत होतं. वस्तू हातात येण्यापेक्षा ती येणार आहे ह्यात. सहा-सहा महिने आधीपासून कानोसा घेणं सुरू. "ताई, आतल्या गोटातली बातमी आहे, कोणाला बोलू नकोस." मी कोणाला बोलणार? आमच्या भजनी मंडळात? विचारलं, "तुला कोणी सांगितलं?" म्हणाला, "तैवानमधल्या एका पोराने फोटो टाकलाय." मी म्हटलं, "आणि तो तुला ओळखतो?" त्यावर अगदी गंभीरपणे, "मी ओळखतो ना त्याला." कंपनीचा जाहीर कार्यक्रम असला की हा अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून पडद्यासमोर बसणार. तिकडे कोण तो साहेब हातात बोटाएवढा तुकडा धरून उभा, आणि इकडे भांडुपला माझा भाऊ ताठ बसलेला. शैला म्हणायची, "मला बघायला आलात तेव्हा सदऱ्याला इस्त्री नव्हती." आणि एवढं करून तो तुकडा बाजारात आला की ह्याचं आपलं, "बरा आहे. पण ह्याच्या पुढचा बघ, ताई..." स्वतःसाठी त्याने नवीन काही घेतलंच नाही. दुसऱ्यांचे उतरलेले भाग जोडून अकरा वर्षं एकच यंत्र चालवलं.

गेल्या हिवाळ्यात त्याला चढावर दम लागायला लागला. शिवमंदिराशी थांबायचा, मग पाण्याच्या टाकीशी, मग प्रत्येक विजेच्या खांबाशी. शैलाने ओढून मुलुंडच्या डॉक्टरांकडे नेलं. हृदयातली एक झडप आखडली होती. डॉक्टर म्हणाले, छाती उघडून बदलावी लागेल, आणि लवकर. अनंताने घरी येऊन चार दिवस वाचन केलं आणि पाचव्या दिवशी परत जाऊन डॉक्टरांनाच शिकवायला बसला. म्हणे मांडीतून नळी घालून बसवतात ती झडप, तिची पुढची पिढी येतेय, छाती फोडावी लागत नाही. पुढची पिढी! चिपसाठी वापरायचा तोच शब्द. डॉक्टर चांगले, ते चिडले नाहीत. शैलाने मला सांगितलं, ते एवढंच म्हणाले, "येईल की. पण तोवर तुमची ही झडप वाट बघत थांबायला हवी ना."

त्या दुपारी त्याने मला फोन केला. बराच वेळ इकडचं तिकडचं. मग म्हणाला, "ताई, तीन-चार महिन्यांचा प्रश्न आहे गं. शैला ऐकत नाही. तू सांगितलंस तर ऐकेल. तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, "थांब मग."

आणि वर शैलाला फोन करून सांगितलं, तो वाचून बोलतोय, त्याला कळतं ह्यातलं, आपण थांबू या. ती "बरं" म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

सगळ्यांना मी सांगत आले की मी त्याच्यावर विश्वास ठेवला. तीस वर्षांत तो कधी चुकला नाही म्हणून ठेवला. हे अर्धं खरं आहे. आमचे वडील ऑपरेशनला आत गेले ते परत आले नाहीत. हॉस्पिटलातल्या लाकडी बाकावर अनंत आणि मी शेजारी बसलो होतो. छाती उघडणार म्हटल्यावर मला तो बाक दिसला, आणि तेवढ्यात त्याने आपणहून "पुढचा येतोय" म्हटलं. मला आणखी काय हवं होतं? त्यातून, मी त्याचा आवाज ओळखत होते हो. चिपची बातमी सांगताना त्याचा आवाज असा वर वर चढायचा, शब्द अडखळायचे, घाईने एकावर एक पडायचे. त्या दुपारी तो हळू, नीट, एकेक शब्द लावून बोलत होता. असा तो आधी एकदाच बोलला होता, सात वर्षांचा असताना. पालिकेच्या शाळेत टोचायला बाई आल्या होत्या आणि हा मला मोठ्या माणसासारखा समजावत होता, "ताई, उद्या जाऊ या. उद्या दुसऱ्या बाई येणार आहेत. त्यांचा हात हलका आहे." मी त्याचं मनगट धरून नेलं होतं तेव्हा. रडला, लाथा झाडल्या, पण नेलं. ह्या वेळी मला सगळं कळलं... आणि मी "थांब" म्हटलं. दोन महिने आणि काही दिवस. मग तो बुधवार आला.

ज्या चिपची तो वर्षभर वाट बघत होता तिचा कार्यक्रम गेल्या आठवड्यात झाला. मला तारीख पाठ होती, त्याने इतक्यांदा सांगितली होती. मी संध्याकाळीच भांडुपला गेले. शैला म्हणाली, "लावू या का?" त्याच्या खुर्चीत कोणी बसलं नाही. आम्ही दोघी दोन स्टुलं ओढून बसलो. इंग्रजी समजत नव्हतं. तो साहेब बोलला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका पोरीने खेळातला समुद्र दाखवला, लाट न् लाट वेगळी दिसत होती. मला पुऱ्या लाटणाऱ्या बायका आठवल्या आणि मी तोंडात पदर कोंबला. शेवटापर्यंत बघितलं आम्ही. बंद झाल्यावर मी तिला सांगून टाकलं. "शैला, तो घाबरला होता. पुढची पिढी वगैरे काही नव्हतं. मला फोनवरच कळलं होतं, तरी मी हो म्हटलं."

ती बराच वेळ की-बोर्डवरची धूळ पुसत राहिली. मग म्हणाली, "मलाही कळलं होतं, ताई. म्हणून तर मीच ह्यांना म्हटलं, ताईंना विचारा. तुम्ही ओरडाल, ओढून न्याल असं वाटलं मला." मी तिचा हात धरायला गेले. तिने धरू दिला. पण तिचा हात माझ्या हातात नुसता होता... बोटं वळली नाहीत.

त्या रात्री मी तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून अनंताचा फोन वाजायला लागला. शैलाने तो चालू ठेवलाय, रोज चार्ज करते, टेबलावर त्याच्या जागेवर असतो. पेपरात चिपची बातमी आली होती ना, आणि अजून कितीजणांना माहीतच नाही की तो गेला. पहिला फोन घाटकोपरच्या एका फोटोवाल्याचा. मी उचलला. "अनंतराव, तो नवा जाहीर झाला म्हणतात. आत्ता आहे तो घेऊ, की थांबू?" मी सांगितलं. तो बिचारा हादरला, "अरेरे, वहिनी कशा आहेत", असं बरंच बोलला. मग जरा थांबून, लाजतच म्हणाला, "ताई, त्यांनी काही सांगून ठेवलं होतं का हो? म्हणजे... थांबू ना?"

फोन कानाला लावून मी तशीच उभी राहिले. शैला कपडे वाळत घालत होती. ती आत आली, माझ्या हातून फोन घेतला, विचारलं, "कामाला लागतोय का तुम्हाला?" तो हो म्हणाला असावा. "मग आजच घ्या," ती म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलं नाही. फोन जागेवर ठेवला आणि उरलेले कपडे झटकायला बाहेर गेली.